५५ सीसीच्या मॉडेलचा राइट थ्रस्ट: कोन मोजायचा कुठून आणि बदलायचा कसा?

घारपंख (ठाणे पश्चिम)

मंडळी, पावसाळाभर घरात जुळवत बसलेलं रेडिओ कंट्रोलचं विमान आता उडायच्या बेतात आहे. ८८ इंची पंख, लो-विंग एरोबॅटिक (कसरतीचं) मॉडेल, ५५ सीसीचं पेट्रोल इंजिन, २२ बाय ८ इंचांचा लाकडी प्रॉप (प्रोपेलर), वजन इंधनाशिवाय साडेसात किलोच्या आसपास. सर्व्हो, टाकी, इग्निशन सगळं बसलं, सीजीही (गुरुत्वमध्यही) लागला. राइट थ्रस्टपाशी, म्हणजे इंजिन किंचित उजवीकडे वळवून बसवायच्या कोनापाशी, मात्र मला पक्कं करून घ्यायचंय, म्हणून हा धागा.

किटच्या पुस्तिकेत लिहिलंय की फायरवॉलमध्येच (इंजिन ज्यावर बसतं त्या प्लायच्या भिंतीतच) २ अंश राइट थ्रस्ट दिलेला आहे, इंजिन सरळ बोल्ट करा. छापलेल्या आकड्यावर एवढं मोठं मॉडेल सोडायचं नाही, असं माझं मत. म्हणून मोजलं. सीडीआयची (इग्निशनची) बॅटरी सोडवली आणि प्लगही काढून ठेवला. प्लग काढणं महत्त्वाचं, कारण तो असला की कॉम्प्रेशनमुळे प्रॉप हवा तिथे थांबत नाही, पुढे उडी मारतो. मग एका पात्याच्या टोकावर पेन्सिलने खूण केली. रडरच्या (शेपटीच्या उभ्या हलत्या फळीच्या) बिजागरीच्या रेषेत, धडाच्या बरोबर मध्यावर एक टाचणी टोचली. खुणेचं टोक डावीकडे आडवं ठेवून टाचणीपर्यंतचं अंतर घेतलं, मग तेच पातं अर्धा फेरा फिरवून उजवीकडे आणलं आणि पुन्हा घेतलं. (डावं-उजवं सगळीकडे कॉकपिटमध्ये बसून पुढे बघताना असं धरा.)

उजवं टोक शेपटीला ११ मिमी जवळ आलं. प्रॉपचा व्यास ५५९ मिमी. ११ भागिले ५५९ केलं की जेमतेम १.१ अंश येतो. पुस्तिकेतले २ अंश धरले तर फरक साडेएकोणीस मिमी यायला हवा होता.

आता प्रश्न असे. मोजमाप पटतंय का? पटत असेल तर कोन आधी वाढवू की आहे तसं उडवून बघू? आणि वाढवायचा तर नुसते वॉशर घालून भागेल का?

थ्रीडी_खारघर

अंशाच्या वर आहे ना, मग उडव रे बिनधास्त. जे काही डावीकडे ओढेल ते ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल-टू-रडर मिक्स (थ्रॉटलबरोबर रडर आपोआप हलवणारी सेटिंग) लावून काढता येतं. पाच पॉइंटची कर्व्ह टाकली की झालं. फायरवॉलला हात कशाला लावतोस?

लेथमास्तर (वागळे इस्टेट)

घारपंख, पद्धत बरोबर आहे. एकाच पात्याचं एकच टोक दोन्ही बाजूंना वापरलंत हे उत्तम, कारण दोन पात्यांच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे टोकं पुढे-मागे असण्यात, मिलिमीटरभर फरक असला तरी तो मोजणीत शिरत नाही. आता काही गोष्टी तपासा, मग त्या ११ वर भरवसा ठेवा.

अंतर कशाने घेतलंत? तंगूस किंवा सुतळी असेल तर सोडून द्या, ती हाताच्या ओढीने ताणली जाते आणि दीड मीटरवर दोन-तीन मिमी सहज खाते. स्टीलचा टेप किंवा त्याहून बरं म्हणजे ॲल्युमिनियमची लांब पट्टी, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला सरकणारी क्लिप. पट्टी टाचणीला लावायची, क्लिप पात्याच्या टोकाला टेकवायची, घट्ट करायची, पातं फिरवून दुसऱ्या बाजूला फट किती ते व्हर्नियरने मोजायचं. आकडा वाचायची गरजच नाही, सरळ फरक हातात येतो.

शेपूट मध्यावर आहे का ते बघा. दोन्ही पंखांच्या टोकांपासून त्याच टाचणीपर्यंत अंतर सारखं हवं. शेपूट ५ मिमी एका बाजूला गेलेलं असलं तर तुमच्या मापात पावणेदोन-दोन मिमीची चूक येते, म्हणजे जवळजवळ ०.२ अंश.

आणि स्पिनर (प्रॉपवरची टोपी) व काउल (इंजिनावरचं आवरण) यांच्यामधल्या फटीवरून कोन ठरवू नका. ४ इंची स्पिनरला २ अंशांत एका बाजूची फट दुसरीपेक्षा साडेतीन मिमी जास्त दिसते, हे खरं. पण ते काउलचं तोंड धडाशी काटकोनात कापलेलं असेल तरच. पुष्कळ काउलची तोंडं साच्यातच तिरकी असतात. तिथे फट सगळीकडे सारखी दिसते आणि माणूस समजतो की थ्रस्ट शून्य आहे.

घारपंख (ठाणे पश्चिम)

मास्तर, तुमच्या पट्टीच्या पद्धतीने पुन्हा घेतलं, ११ च आले. पंखांची टोकं ते टाचणी, दोन्हीकडे २ मिमीच्या आत. चारही स्टँडऑफ (इंजिन आणि फायरवॉलमधले आधाराचे खांब) व्हर्नियरने बघितले, लांबी सारखी आहे. मग पंख आणि धड सपाट टेबलावर बांधून फायरवॉललाच गुण्या लावला. ती मुळातच एका अंशाच्या आसपास बसवलेली आहे. प्लायच्या कडेला कारखान्यात चिकटवलेला जोड स्पष्ट दिसतो.

खाडीवारा (ऐरोली)

खारघरच्या मित्राला उत्तर द्यायच्या आधी एक मूळ गोष्ट. राइट थ्रस्ट नेमका कशाच्या विरुद्ध देतोय ते डोक्यात स्पष्ट नसेल, तर मिक्स, ट्रिम, वॉशर सगळं अंधारात चालतं.

आपली इंजिनं मागून बघितली तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. त्यातून चार वेगळ्या गोष्टी घडतात आणि चारही विमानाला डावीकडे नेतात, म्हणून लोक त्यांची भेळ करतात.

टॉर्कची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे रोल करते. नाक वळवत नाही. हिच्यावर राइट थ्रस्टचा काही उपयोग नाही, थोडा एलरॉन ट्रिम (पंखांवरच्या हलत्या फळ्यांना दिलेला कायमचा थोडा कल) हाच उपाय. दुसरी, प्रॉपमागची हवा मळसूत्रासारखी धडाभोवती फिरत मागे जाते आणि फिनच्या (शेपटीच्या उभ्या पंखाच्या) डाव्या अंगावर आदळते. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. तिसरी, पी-फॅक्टर. नाक वर करून हळू उडताना खाली येणारं उजवं पातं हवेला जास्त कोनात कापतं, जास्त ओढतं, नाक पुन्हा डावीकडे. चौथी, जायरोस्कोपिक परिणाम, म्हणजे फिरत्या प्रॉपचा भोवऱ्यासारखा गुण. टेलड्रॅगरची (शेपटीखाली चाक असलेल्या विमानाची) शेपूट धावपट्टीवर उचलली जाते त्या क्षणी नाक डावीकडे फेकलं जातं.

आता यांतल्या कशासाठी इंजिन तिरकं करायचं? मुख्यतः दुसऱ्या गोष्टीसाठी. टेकऑफला विमान डावीकडे जातं म्हणून कोन वाढवत बसणारे मी बरेच पाहिलेत. तिथे शेपूट जमिनीवर असल्यामुळे पी-फॅक्टर आहे, शेपूट उचलताना जायरोस्कोपिक धक्का आहे, वेग नाही म्हणून फिनला ताकद नाही. त्या अवस्थेसाठी इंजिन फिरवलंत तर पुढे आख्ख्या उड्डाणात विमान उजवीकडे ओढत राहील. टेकऑफ उजव्या पायाने, म्हणजे आपल्याकडे ट्रान्समीटरच्या स्टिकवरून उजवा रडर देऊन सांभाळायचा असतो.

आणि हे मळसूत्र कायम सारखं नसतं. वेग कमी, थ्रॉटल पूर्ण, तेव्हा त्याचे वेढे एकमेकांच्या जवळ असतात आणि फिनवर जोरात तिरके आदळतात. वेग वाढला की तेच वेढे लांब ताणले जातात, कोन कमी होतो, शिवाय फिनला स्वतःची ताकद येते. त्यामुळे कुठलाही एक कोन सगळ्या वेगांना बरोबर नसतो. आपण ज्या वेगात विमान सरळ वर नेतो, त्या वेगाला जुळणारा कोन निवडायचा. लो-विंग एरोबॅटिक मॉडेलला तो बहुधा २ ते ३ अंशांत बसतो. १.१ कमी वाटतो, पण अंतिम निकाल उभ्या चढणीतच लागेल.

थ्रीडी_खारघर

समजलं. पण खाडीवारा, तुम्हीच म्हणताय की एक कोन सगळ्या वेगांना बरोबर नसतो. मग मिक्सच जास्त शहाणपणाचं नाही का? थ्रॉटलप्रमाणे रडर आपोआप कमी-जास्त. होव्हरमध्ये (नाक वर करून प्रॉपवर लटकवताना) मला त्याचा फायदा रोज दिसतो.

खाडीवारा (ऐरोली)

होव्हरमध्ये फायदा आहे, मान्य. तिथे वेग शून्य, थ्रॉटल जवळजवळ एकाच जागी, म्हणून कर्व्ह बसते. अडचण बाकी सगळीकडे आहे.

मिक्सला फक्त स्टिकची जागा कळते. इंजिन किती फेऱ्यांवर आहे, विमान किती वेगात आहे, यांतलं काहीच त्याला कळत नाही. पूर्ण थ्रॉटलला सपाट पल्ला मारताना आणि पूर्ण थ्रॉटललाच उभ्या चढणीत वेग संपत आलेला असताना मिक्स सारखाच रडर देतो, आणि गरज तर दोन्ही ठिकाणी वेगवेगळी. शिवाय स्टिक पुढे ढकलली की रडर लगेच हलतो, ५५ सीसीचं इंजिन फेऱ्या घ्यायला क्षणभर घेतं. त्या क्षणात शेपूट हलते ती बघणाऱ्याला दिसते. आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रडर नुसतं नाक वळवत नाही, थोडा रोल आणि थोडा पिचही आणतो. म्हणजे एका मिक्ससाठी आणखी दोन मिक्स.

तिरक्या इंजिनाचा जोर मात्र खरोखरच्या थ्रस्टच्या प्रमाणात असतो. इंजिन आयडलला गेलं की कोनाचा परिणामही गेला. म्हणून माझा आग्रह असा की मोठा भाग इंजिनाच्या कोनाने काढा आणि उरलंसुरलं, तेही होव्हरपुरतं, मिक्सने. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं यंत्र) बसवला असेल तर या चाचण्यांच्या वेळी तो बंद ठेवा. तो प्रत्येक दोष झाकतो आणि आपल्याला मॉडेल कधीच खरं दिसत नाही.

लेथमास्तर (वागळे इस्टेट)

आता घारपंखच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ बघितलाय.

राइट थ्रस्ट वाढवायला डाव्या बाजूच्या दोन स्टँडऑफखाली जाडी द्यायची. डाउन थ्रस्टला (इंजिन किंचित खाली झुकवायला) वरच्या दोघांखाली. किती, ते भोकांच्या अंतरावर. तुमच्या इंजिनाच्या मागच्या भोकांचं आडवं अंतर स्वतः मोजा, पुस्तिकेतलं घेऊ नका. अंतर गुणिले ०.०१७५ म्हणजे एका अंशाला लागणारी जाडी. ६६ मिमी असेल तर १.१५ मिमी.

अंश-दीड अंशापर्यंत वॉशर चालतात. पण स्टँडऑफइतकेच रुंद घ्या आणि कडक स्टीलचे घ्या. बाजारातले पातळ पत्र्याचे वॉशर पेट्रोल इंजिनाच्या थरथरीने दबतात आणि चार उड्डाणांत बोल्ट सैल. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला अर्ध्या मिमीपासूनचे ग्राइंड केलेले शिम वॉशर (नेमक्या जाडीच्या चकत्या) मिळतात. त्याहून जास्त कोन हवा असेल तर मात्र वॉशरच्या नादी लागू नका. स्टँडऑफ सरळ उभा, इंजिनाची बैठक तिरकी, म्हणजे बोल्टचं डोकं एकाच कडेवर टेकतं आणि बोल्ट वाकून ताणात राहतो. तो कधी तुटेल सांगता येत नाही. तिथे ३ मिमी एअरक्राफ्ट प्लायची पाचर करायची. आख्ख्या बैठकीच्या आकाराची, सपाट काचेवर सँडपेपर चिकटवून घासत घासत एका कडेला पातळ करायची, आणि इपॉक्सीने फायरवॉलवर बसवायची. चारही स्टँडऑफ त्या पाचरीवर सपाट बसतात, बोल्ट फायरवॉलमध्ये मागे जातो तिथे मोठा वॉशर द्यायचा. मी ॲल्युमिनियमची करून देतो, पण प्लायचीही मुळीच वाईट नाही.

लोक विसरतात ती गोष्ट पुढे आहे. कोन बदलला की प्रॉपची जागाही सरकते. फायरवॉल ते प्रॉप वॉशर १७० मिमी धरलं तर एका अंशाला स्पिनर ३ मिमी उजवीकडे जातो. म्हणून इंजिनाचं केंद्र फायरवॉलवर तेवढंच डावीकडे न्यावं लागतं. आणि ३ मिमी सरकवायचं म्हटलं की जुनं भोक आणि नवं भोक एकमेकांत शिरतात. तसंच लांबट भोक ठेवून घट्ट करणं अजिबात करू नका. जुन्या भोकांत कठीण लाकडाची गुल्ली इपॉक्सीने ठोका, रात्रभर सुकू द्या, कानसने सपाट करा, मग नवीन भोक पाडा. काउलला मागे जागा असेल तर काउलच ३ मिमी सरकवून घेणं सोपं. काउलचे स्क्रू दोनचार असतात आणि त्यांच्यावर इंजिनाचा भार नसतो.

स्केलवेडी (कळवा)

धागा वेळेवर आला. मी एचएएलच्या (हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या) एचटी-२ विमानाचं मॉडेल करतेय, एक चतुर्थांश स्केल. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झालेलं आपलं पहिलं ट्रेनर, १९५१ साली उडालेलं. त्याच्या पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर १० इंजिन होतं. माझी शंका अशी की जिप्सी मेजर कॉकपिटमधून बघता उलट्या दिशेने फिरतं. टायगर मॉथ आणि चिपमंक त्यामुळेच टेकऑफला उजवीकडे ओढतात. मग मी स्केल पाळण्यासाठी लेफ्ट थ्रस्ट द्यायचा का? की राइट?

खाडीवारा (ऐरोली)

ताई, खऱ्या विमानाचं इंजिन कुठल्या दिशेने फिरायचं याचा तुमच्या मॉडेलच्या हवेशी संबंध नाही. तुमच्या फायरवॉलवर जे इंजिन बसलंय ते कुठल्या दिशेने फिरतं तेवढंच बघायचं. नेहमीचं पेट्रोल इंजिन असेल तर राइट थ्रस्ट. इलेक्ट्रिक करून मोटर उलटी फिरवणार असाल, प्रॉपही उलट्या हाताचा लावणार असाल, तरच लेफ्ट.

नकाशावरून फिन काढताना मात्र एक काळजी घ्या. खऱ्या विमानांत हा प्रश्न इंजिनाव्यतिरिक्त इतर ठिकाणीही सोडवलेला असतो. मेसरश्मिट १०९ च्या फिनला एका बाजूला जास्त फुगवटा आहे. इटलीच्या माक्की २०२ चा डावा पंख उजव्यापेक्षा साधारण २० सेंमी लांब ठेवला होता, टॉर्कने डावीकडे होणारा रोल उचलून धरायला. असं काही तुमच्या नकाशात असेल आणि तुमचं इंजिन उलट दिशेचं असेल, तर स्केलप्रमाणे हुबेहूब उतरवलेली फिन तुमच्याच विरुद्ध काम करेल. फिन सरळ ठेवा. स्पर्धेतल्या परीक्षकाला दोन अंश दिसत नाहीत.

स्केलवेडी (कळवा)

खूप आभार. फिन सरळ, इंजिन उजवीकडे. एचटी-२ चं नाक अरुंद आहे, त्यामुळे इंजिनाचं केंद्र आत्ताच, काउलचा साचा करायच्या आधी डावीकडे घेते. मास्तरांनी सांगितलं नसतं तर साचा ओतून झाल्यावर कळलं असतं.

नवशिका_नेरूळ

सगळ्यांना नमस्कार. माझं विमान लहान आहे, हाय-विंग ट्रेनर, १० सीसीच्या आतलं ग्लो इंजिन. थ्रॉटल वाढवला की ते नाक वर करून चढायला लागतं आणि मला सतत एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती फळी) खाली धरावा लागतो. हे डाउन थ्रस्टचं काम का?

घारपंख (ठाणे पश्चिम)

असू शकतं, पण आधी सीजी बघ. नाक जड असलेलं विमान सपाट उडवायला आपण अप ट्रिम देतो, आणि मग वेग वाढला की तोच ट्रिम त्याला वर चढवतो. दिसायला अगदी डाउन थ्रस्ट कमी असल्यासारखंच दिसतं. सीजी पुस्तिकेतल्या जागी आणून बघ. तरीही चढत असेल तर सपाट, मध्यम वेगात ट्रिम करून उडव आणि थ्रॉटल एकदम आयडलला आण, एलिव्हेटरला हात न लावता. काही अंतर सपाट जाऊन मग हळू नाक खाली आलं तर इंजिनाचा कोन बरोबर. लगेच नाक खाली पडलं तर डाउन थ्रस्ट वाढव. उलट नाक वर उचललं गेलं तर जास्त झालाय, कमी कर. हाय-विंगला पंख इंजिनाच्या रेषेच्या वर असतो, त्यामुळे २-३ अंश डाउन लागणं नेहमीचं आहे. माझ्यासारख्या लो-विंगला तो शून्य ते एक अंशात भागतो.

लेथमास्तर (वागळे इस्टेट)

नेरूळ, तुझं इंजिन प्लास्टिकच्या माउंटवर असेल. माउंट आणि फायरवॉलमध्ये वरच्या दोन बोल्टांना एकेक वॉशर घाल आणि परत उडव. इतक्या लहान इंजिनाला तेवढं पुरे.

मोकळंरान (पनवेल)

उभ्या चढणीच्या चाचणीबद्दल चाललंय म्हणून जागेचं बोलतो, कारण इकडे नवी मुंबईत आता चित्र बदललंय. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतची, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेली मॉडेलं येतात. सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या भागात, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येतं तिथे, ४०० फूट. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फूट, आणि ८ किमीच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. पनवेल, उलवे, खारघर, कळंबोली हा सगळा भाग त्या ८ किमीत येतो. पूर्वी इथल्या माळावर पहाटे उडवायचो, आता नाही.

२०० फूट म्हणजे ६० मीटर. एवढ्यात ८८ इंची विमानाला ओढून उभं केलं की वर बघायला काही उरतच नाही. थ्रस्ट तपासायला वेग संपेपर्यंतची चढण लागते. म्हणून घारपंख, मुरबाडकडे भातकापणीनंतरची मोठी शेतं आहेत, मालकाला विचारून तिकडे जा. निघण्यापूर्वी नकाशावर तो भाग हिरवा आहे ना ते बघा. आणि सकाळी नऊच्या आत आटपा. दुपारकडे खाडीवरून वारा सुटला की आडव्या वाऱ्याचा सरकाव आणि थ्रस्टचा सरकाव वेगळा ओळखता येत नाही.

खाडीवारा (ऐरोली)

मोकळंरान यांचं शेवटचं वाक्य अधोरेखित करतो. चढण वाऱ्याच्या बरोबर समोर, आपल्यापासून दूर जाताना घ्यायची, म्हणजे विमानाची पाठ आपल्याकडे राहते आणि डावं-उजवं लगेच दिसतं. बाजूने जाताना घेतली तर काही कळत नाही.

त्याआधी आडवा तोल बघायला विसरू नका. एका माणसाने स्पिनरचा मध्य आणि दुसऱ्याने शेपटीचा मध्य बोटावर धरून विमान उचला. पेट्रोल इंजिनाचा सिलिंडर आणि मफलर एका बाजूला असतो, त्यामुळे एक पंख जड निघणं सहज शक्य आहे. जड पंख जोरात ओढताना खाली राहतो, विमान तिरकं वर जातं, आणि आपण दोष थ्रस्टला देतो.

घारपंख (ठाणे पश्चिम)

परवा मुरबाडच्या बाजूला जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण इथल्या प्रत्येकाच्या सांगण्याचा उपयोग झाला.

आधी घरी आडवा तोल. उजवा पंख जड निघाला, मफलर त्याच बाजूला आहे. डाव्या टोकात शिशाचा तुकडा इपॉक्सीने बसवला. इंजिनाचा कोन मुद्दाम आहे तसा, १.१ वर ठेवला, कारण मला फरक डोळ्यांनी बघायचा होता.

हवा स्थिर होती, धुकं नुकतं विरलं होतं. पहिलं उड्डाण फक्त ट्रिमसाठी. मग उंचावरून इंजिन आयडलला आणून सरळ खाली सोडलं. विमान नाकाच्या रेषेत आलं, डावीकडे नाही की उजवीकडे नाही. म्हणजे फिन, रडर, पंख सरळ आहेत, रडर ट्रिमला हात लावायचं कारण नाही. हे आधी कळणं फार मोलाचं. याच्या उलट करून, आधी चढण बघून रडर ट्रिम दिला असता, तर आयडलला विमान उजवीकडे गेलं असतं आणि मी गोल गोल फिरत बसलो असतो.

मग वाऱ्याच्या समोर, दूर जाताना, पूर्ण थ्रॉटलला ओढून उभं केलं आणि स्टिक मध्ये सोडली. सुरुवातीला सरळ. निम्म्या उंचीवर नाक डावीकडे झुकायला लागलं आणि वेग कमी होत गेला तसं झुकणं वाढत गेलं. पुन्हा केलं, तेच. खाडीवारा यांनी लिहिलेलं मळसूत्र समोर दिसत होतं: वेग होता तोवर काही नाही, वेग गेला की ओढ.

शेताच्या बांधावर काउल काढलं, डाव्या दोन स्टँडऑफखाली १ मिमीचे ग्राइंड केलेले शिम. माझ्या भोकांचं आडवं अंतर खरोखरच ६६ मिमी आहे, म्हणजे जवळजवळ ०.९ अंश वाढ. पट्टी लावून मोजलं, फरक १९ मिमीच्या वर गेला. काउल आणि स्पिनर घासू नयेत म्हणून काउल तात्पुरतं टेपने थोडं उजवीकडे धरलं. आता चढण जवळजवळ वरपर्यंत सरळ. अगदी शेवटी, जिथे वेग संपतो, तिथे किंचित डावीकडे. तेवढं मी ठेवतोय. ते काढायला कोन वाढवला तर सपाट पल्ल्यात उजवीकडे ओढेल, आणि माझं बहुतेक उडवणं वेगातलंच आहे.

शेवटी थ्रॉटल एकदम बंद करून बघितला. नाक लगेच खाली येत होतं, हळू नव्हे. वरच्या दोन स्टँडऑफखाली अर्ध्या मिमीचे शिम दिले. उभं अंतर ५८ मिमी, म्हणजे साधारण अर्धा अंश. त्यानंतर थ्रॉटल बंद केल्यावर विमान काही अंतर सपाट जाऊन मग अलगद खाली यायला लागलं. डाव्या वरच्या स्टँडऑफखाली दोन्ही मिळून दीड मिमी झालेत. मास्तर, एवढ्यावर वॉशर चालतील की पाचर करू?

थ्रीडी_खारघर

घारपंख, वाचून काल माझ्या ३५ सीसीचं माप घेतलं. जवळजवळ शून्य अंश आहे, आणि मिक्समध्ये पूर्ण थ्रॉटलला १२ टक्के रडर टाकलेला आहे. वेगातल्या चढणीत ते उजवीकडे का जातं याचं उत्तर मिळालं. होव्हरचा मिक्स मी सोडणार नाही, पण आधी डावीकडे शिम घालून मिक्स शून्यावर आणतो आणि मग पाहिजे तेवढाच परत देतो. मास्तर, ३५ सीसीसाठी पाचर करून द्याल का? माप पाठवतो.

लेथमास्तर (वागळे इस्टेट)

दोघांनाही उत्तर. घारपंख, उडवून कोन ठरला की वॉशर ही तात्पुरती सोय समजा. दोन दिशांनी तिरकं झालंय, डाव्या वरच्या कोपऱ्यात दीड आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात शून्य, तिथे बोल्ट वाकडा ताणला जातोच. आता दोन्ही कोनांची मिळून एकच पाचर करा. चार कोपऱ्यांच्या जाड्या तुमच्याकडे तयारच आहेत, त्यात १.५ मिमी सगळीकडे मिळवा, म्हणजे पातळ कोपराही टिकेल. ३ मिमीच्या प्लायमधून बरोबर निघते. त्याच वेळी इंजिनाचं केंद्र पावणेतीन मिमी डावीकडे आणि दीड मिमी वर घ्या, गुल्ल्या ठोकून. टेपवर काउल घेऊन उडू नका. बोल्ट नवीन घ्या, जाडीएवढे लांब, आटे पूर्ण पकडतील असे, आणि निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा. बोल्टच्या डोक्यावरून वॉशरवर रंगाची एक रेघ ओढा. पहिल्या काही उड्डाणांनंतर काउल काढून रेघ तुटली का बघा, प्लाय थोडी दबतेच, परत घट्ट करावं लागतं. मग पट्टीने एकदा मोजून १९ च आहेत ना याची खात्री करा.

खारघर, माप पाठव. भोकांचं आडवं-उभं अंतर, बोल्टचा व्यास आणि फायरवॉल ते प्रॉप वॉशर. कोन किती हवा ते मात्र आधी शिम घालून, उडवून ठरव. उडवल्याशिवाय मी पाचर कापत नाही.